बाटली तुमची, कागद माझा

परदेशातून परत येणारी माणसं काय काय आणतात ते आपण सगळे जाणतो. चॉकलेटं आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात, फ्रिजच्या दारावर चिकटवायचे मनोरे आणतात आणि ‘तिकडे रस्त्यावर कुणी थुंकत नाही हो’ हे वाक्य आणतात. मी बिअरच्या बाटल्यांवरची लेबलं आणतो. बाटली नाही, बिअर नाही, नुसता कागद. कस्टमवाल्याने बॅग उघडून विचारलं तर जाहीर करण्यासारखं माझ्याजवळ काही नसतं, आणि घरी आल्यावर चारचौघांना सांगण्यासारखंही नसतं.

लेबल काढणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. कागद चांगला असेल आणि जुन्या पद्धतीची खळ लावलेली असेल तर अर्ध्या तासात लेबल आपणहून सुटतं आणि पाण्यावर तरंगू लागतं. हल्ली बरीचशी लेबलं स्टिकरसारखी असतात. ती पाण्याला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी बाटलीत कढत पाणी भरून, मुरगळलेल्या पायाला देतात तसा आतून शेक द्यावा लागतो आणि मग एका कोपऱ्याला नख लावून, मनातल्या मनात रामरक्षा म्हणत, हळूहळू सोलावं लागतं. घाई केली की लेबलाचे दोन तुकडे होतात, आणि मग बाटली रिकामी करण्यापासून पुन्हा सुरुवात.

आता ही रिकामी करण्याचीच खरी अडचण. मला एक बिअर प्यायला दीड तास लागतो आणि ती संपली की झोप येते. २०१६ साली आम्ही मराठी मंडळींच्या घोळक्यातून युरोपची सहल केली, तेव्हा प्रागच्या मुक्कामात मी अकरा तऱ्हांच्या बाटल्या विकत घेतल्या आणि मदतीची हाक दिली. गटातली चार सद्गृहस्थ मंडळी केवळ माणुसकी म्हणून धावून आली. त्यांनी तासाभरात अकराच्या अकरा बाटल्या मोकळ्या करून दिल्या आणि ते शांतपणे आपापल्या खोलीत जाऊन झोपले. मी बाथरूममधल्या टबात पाणी भरलं, बाटल्या त्यात निजवल्या आणि बाह्या सरसावून शेजारी स्टूल घेऊन बसलो. नेमक्या त्याच वेळी आमच्या गटातल्या एक बाई माझ्या बायकोकडे मेतकूट मागायला आल्या आणि त्यांनी उघड्या दारातून ते दृश्य पाहिलं.

सकाळी न्याहारीपर्यंत बातमी बसभर झाली होती. अकरा बाटल्या पिणारे ताजेतवाने होऊन खिडकीपाशी बसले होते; रात्रभर जागून डोळे तांबारलेला मी मात्र दारुडा ठरलो. पुढचे सहा दिवस माझ्या शेजारच्या सीटवर कुणी मूल बसू दिलं नाही. बाटलीवरचं लेबल अर्ध्या तासात निघतं, माणसावर लागलेलं निघत नाही. हे खरं तर मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. कारण हा छंद ज्यांच्याकडून माझ्याकडे आला, त्या माझ्या मोठ्या काकांचं उभं आयुष्य असल्याच एका लेबलाखाली गेलं.

मोठे काका आगबोटीवर पर्सरच्या ऑफिसात कारकून होते. पर्सर म्हणजे बोटीवरचा खजिनदार. काका त्याचे हिशेब लिहीत. ते १९५६ साली नोकरीला लागले. मुंबई राज्यात तेव्हा संपूर्ण दारूबंदी होती, १९५० सालापासूनच. त्या काळात काका सुटीवर गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत परतले की त्यांच्या ट्रंकेतून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघे. डब्यात बिस्किटं नसत. देशोदेशींच्या बिअरची लेबलं असत.

आमच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. ती लेबलं औषधांच्या बाटल्यांवरची आहेत अशी तिची समजूत होती आणि पोरगा बोटीवर सारखा आजारी असतो म्हणून तिने एकदा सत्यनारायणही घातला. त्या लेबलांत एकावर ठसठशीत स्वस्तिक होतं. काकांनी ते कोपनहेगनच्या जुन्या बाजारातून मिळवलं होतं. आजीने ते पाहिलं मात्र, खळ लावून देवघराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. ते लेबल कार्ल्सबर्ग बिअरचं होतं. काकांनी आईचा गैरसमज दूर केला नाही. त्यामुळे आमच्या घरात कित्येक वर्षं, अगदी आषाढी एकादशीलासुद्धा, डेन्मार्कच्या बिअरची यथासांग पूजा होत होती.

ह्या स्वस्तिकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. याकोब्सेन नावाच्या गृहस्थाने १८४७ साली कोपनहेगनबाहेरच्या टेकडीवर ब्रुअरी काढली आणि तिला आपल्या कार्ल ह्या लहानग्या मुलाचं नाव दिलं. कार्ल्सबर्ग म्हणजे कार्लची टेकडी. मुलगा मोठा झाल्यावर बापलेकांचं इतकं बिनसलं, की मुलाने शेजारीच स्वतःची दुसरी ब्रुअरी उभी केली. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही. ह्या कार्लला कलेची हौस फार. १९०१ साली त्याने ब्रुअरीला जे प्रवेशद्वार बांधलं ते चार दगडी हत्तींच्या पाठीवर उभं आहे, आणि हत्तींच्या अंगावर स्वस्तिकं आहेत. स्वस्तिक हे त्याच्या बिअरचं चिन्ह होतं, नाझींचं नाव कुणी ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून. पुढे हिटलरने ते चिन्ह असं काही बदनाम केलं, की लेबलांवरून ते काढून टाकावं लागलं. हत्तींच्या अंगावर ते अजून आहे, आणि आमच्या देवघरात आजी होती तोवर होतं.

तर १९६२ साली काकांचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडची मंडळी घर पाहायला आली. आजीने चहा टाकला आणि माझ्या आत्याला, ती तेव्हा दहा वर्षांची होती, बिस्किटं काढायला सांगितलं. आत्याने फळीवरचा पहिला दिसला तो डबा खाली काढला आणि पाहुण्यांसमोर बशीत उलटा केला.

मुलीच्या वडलांना इंग्रजी येत होतं. ते चहा न घेता उठले.

त्यानंतर काका ‘पिणारे’ झाले. पुढे आलेल्या स्थळांना कुणीतरी आधीच सांगे, शेजारी समजूतदारपणे माना हलवत, आणि ते बोटीवर परत निघाले की आजोबा फक्त ‘जपून’ एवढाच शब्द बोलत. काकांनी कुणाला काही खुलासा केला नाही. ते हाडाचे कारकून होते; मागितल्याशिवाय खुलासा देण्याची त्यांना सवय नव्हती, आणि तो कुणी मागितला नाही. ते शेवटपर्यंत एकटे राहिले. २००९ साली ते गेले तेव्हा, ‘हा बँकेत आहे, कागद नीट ठेवील’ म्हणून डबा माझ्याकडे आला.

बँकेतल्या माणसाच्या हातात कोणताही कागद द्या, तो आधी उलटा करून पाहतो. मीही पाहिलं. प्रत्येक लेबलामागे शिसपेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात नोंद होती. ‘१४-३-५९. मोंबासा. प्यायला: दुसरा इंजिनिअर.’ ‘२-११-६०. लिव्हरपूल. प्यायला: केबिन नं. १२ चे गोरे गृहस्थ. बाटली मागून घेतली.’ ‘९-७-६१. एडन. प्यायला: हवालदार व मंडळी.’ दोनशे तेरा लेबलं आणि दोनशे तेरा नोंदी. मी रात्री अडीचपर्यंत बसून एकेक तपासली. ‘मी’ हा शब्द एकाही कागदावर नव्हता.

डब्याच्या तळाशी लेबलाच्या मापाचा, लंबगोल कापलेला एक कोरा कागद होता. त्यावर लिहिलं होतं: ‘बास. बर्टन. लाल त्रिकोण. प्यायला: स्वतः.’ तारखेची जागा मोकळी होती. जन्मात एकदाच ‘सेल्फ’चा चेक लिहिला आणि त्यावर तारीख घालायची राहिली. असा चेक बँक वटवत नाही. पण फाडून टाकायचा अधिकारही बँकेला नाही.

तेव्हापासून मी लेबलांच्या मागे लागलो. आणि मागे लागल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा, की बाटलीला लेबल लागायला लागलं कधी आणि का?

पूर्वी त्याची गरज नव्हती. बिअर गावातच होई, पिंपात भरली जाई आणि गावातच संपे. ती करणारा रोज समोर दिसे. बिअर आंबली तर त्याला रस्त्यात गाठून सांगता येई. दूधवाल्याच्या चरवीला कुठे लेबल असतं? करणारा आणि पिणारा एकमेकांना अनोळखी झाले की लेबल लागतं. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, बाटल्या स्वस्त झाल्या, रेल्वे आल्या आणि शंभर कोसांवरच्या माणसाने केलेली बिअर बुचबंद बाटलीतून टेबलावर येऊ लागली. ‘ही मीच केली आहे, निर्धास्त प्या’ असं त्या अनोळखी माणसाने सही करून दिलेलं वचन, ते लेबल. आम्ही बँकेत नोटेवरचं वचन रोज मोजतो, हे बाटलीवरचं.

ह्या वचनाची किंमत काय, ते मला पिल्सेनला कळलं. प्रागच्या त्याच सहलीत एक दिवस खरेदीसाठी मोकळा होता. बाकीची मंडळी काचसामान पाहायला गेली. मी आगगाडीने नव्वद किलोमीटरवरच्या पिल्सेनला निघालो आणि माझी बायको माझ्यावर नजर ठेवायला निघाली. ह्या गावात १८३८ साली बिअर इतकी वाईट निघाली, की लोकांनी छत्तीस पिंपं नगरभवनासमोर आणून रस्त्यावर ओतली. आपल्याकडे नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेवर रिकाम्या हंड्यांचा मोर्चा जातो. त्यांनी भरलेल्या पिंपांचा नेला. फरक असा, की मोर्च्यानंतर त्यांनी खरोखरच काही केलं. बिअर करण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्याने १८४२ च्या ऑक्टोबरात तिथल्या मऊ पाण्यातून, फिकट भाजलेल्या जवापासून आणि गार तळघरात सावकाश मुरवून जी बिअर काढली ती सोन्यासारखी पिवळी आणि आरपार दिसणारी होती. तोवर बिअर म्हणजे बहुतेक तांबडी-काळी आणि गढूळ. हिचा बोलबाला जगभर झाला.

आणि इथेच घोटाळा झाला. जो तो आपल्या बिअरला ‘पिल्सनर’ म्हणू लागला. जर्मनीतल्या कोर्टांनी तर, पिल्सनर ही आता बिअरची एक जात आहे, गावाची मालकी नाही, असा निवाडा दिला. गाव बिचारं बघत राहिलं. शेवटी १८९८ साली मूळ ब्रुअरीने आपल्या बिअरला ‘उर्क्वेल’, म्हणजे ‘मूळ झरा’, हे नाव नोंदवून घेतलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘हेच ते मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही’ ह्या पाटीचाच तो जर्मन तर्जुमा.

त्या ब्रुअरीखाली नऊ किलोमीटर लांबीची तळघरं आहेत. त्यांतल्या थोड्या भागातून आम्हाला फिरवलं. आत हुडहुडी भरते. एका वळणावर ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर थेट पेल्यात देतात. माझ्या बायकोने एक घोट घेतला, क्षणभर विचार केला आणि ‘कारल्याच्या रसापेक्षा बरी आहे’ असा अभिप्राय दिला. मग तिने पेला संपवला. दुकानात नुसतं लेबल विकत मिळत नाही म्हणून आम्ही बाटली घेतली. १८९२ साली बांधलेली ब्रुअरीची दगडी कमान बाहेर पाहिलेली होती. तीच लेबलावर पाहून, ओळखीचा माणूस फोटोत सापडावा तसा आनंद झाला. त्या रात्री हॉटेलात ते लेबल हेअर ड्रायरने वाळवून देण्याचं काम बायकोने आपणहून केलं. आमच्या संसारात ती एक ऐतिहासिक घटना आहे.

पुढचा योग २०१८ च्या मे महिन्यात आला. माझा मेहुणा इंग्लंडमध्ये डर्बीला असतो. परदेशी जायचं तर आम्हाला बँकेचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्या अर्जात ‘प्रवासाचा उद्देश’ असा रकाना असतो. ‘कै. काकांचा व्यवहार पूर्ण करणे’ असं लिहावं की काय, असा विचार मनात आला; पण त्यावर चौकशी बसली असती. ‘कौटुंबिक’ लिहिलं. तेही खरंच होतं.

डर्बीहून आधी दोन दिवस डब्लिनला जाऊन आलो, कारण काकांच्या डब्यात गिनेसची सतरा लेबलं होती आणि सतराही एकाच बिअरची असून प्रत्येकावर वेगवेगळ्या माणसाचं नाव छापलेलं होतं. त्याचं कोडं तिथे सुटलं. गिनेस ब्रुअरी त्या काळी बहुतेक बिअर पिंपानेच विकी. बाटल्या भरण्याचं काम गावोगावचे व्यापारी करत. मग भलत्याच बिअरवर गिनेसचं नाव कुणी लावू नये म्हणून १८६२ सालापासून ब्रुअरीने ठरावीक लेबल काढलं. फिकट पिवळसर रंग, वीणेसारखं आयरिश हार्प, आर्थर गिनेसची सही आणि खाली बाटली भरणाऱ्याचं नाव. लेबलं छापून द्यायची ब्रुअरीनेच, आणि त्यांचा हिशेब ठेवायचाही तिनेच. म्हणजे आम्ही चेकबुकं देतो आणि रजिस्टरात नंबर टिपतो, तसंच. ते हार्प गिनेसने १८७६ मध्ये नोंदवून ठेवलं होतं. पुढे १९२२ साली आयरिश लोकांना स्वतःचं सरकार मिळालं आणि सरकारलाही राजचिन्ह म्हणून हार्पच हवं होतं. तेव्हा सरकारने ते आरशात पाहिल्यासारखं उलट्या तोंडाचं घेतलं. सरकारने एका बाटलीला वाट करून दिल्याचं असं उदाहरण आपल्याला एरवी फक्त रात्रीच्या वेळी पाहायला मिळतं.

डब्लिनच्या त्या ब्रुअरीत मला आणखी दोन गोष्टी भेटल्या. पहिली म्हणजे भाडेपट्टा. आर्थर गिनेसने ती जागा १७५९ च्या शेवटच्या दिवशी वर्षाला पंचेचाळीस पौंड भाड्याने घेतली, आणि मुदत किती? नऊ हजार वर्षं! आमच्याकडे तीन वर्षांच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर ‘अर्जदाराचं वय’ ह्या रकान्यापाशीच मी थांबलो असतो. दुसरी गोष्ट जुन्या वैराची. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ‘स्टुडंट्स टी’ नावाच्या प्रकाराने मला घाम फोडला होता. हा टी कोणत्या तरी चहाबाज विद्यार्थ्याचा असावा, अशी माझी पंचवीस वर्षं समजूत. तो निघाला बिअरचा. विल्यम गॉसेट नावाचा माणूस गिनेसमध्ये नोकरीला होता. मूठभर नमुन्यांवरून सगळ्या मालाची परीक्षा कशी करावी, ह्याचं गणित त्याने १९०८ साली प्रसिद्ध केलं. नोकरांनी स्वतःच्या नावाने लिहायचं नाही असा कंपनीचा दंडक असल्यामुळे त्याने ‘स्टुडंट’ ही सही केली. स्वतःचं नाव बाटलीवर लावायला इतकी जपणारी कंपनी, आणि तिच्या सगळ्यांत हुशार माणसाच्या कामावर त्याचं नाव नाही. मला काकांची आठवण झाली.

मग बर्टन. डर्बीहून गाडीने पाव तासाच्या आत बर्टन-अपॉन-ट्रेंट येतं. फलाटावर उतरताच भिजवून भाजलेल्या धान्याचा वास येतो. ह्या लहानशा गावाचा आणि आपला संबंध जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या उकाड्यात बिअर लागे आणि ती आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांचा प्रवास करून येई. सुरुवातीला हा धंदा लंडनच्या पूर्वेकडच्या हॉजसन नावाच्या ब्रुअरीच्या हातात होता. कारण? गोदी जवळ, आणि जहाजाच्या कप्तानांना तो अठरा-अठरा महिने उधार देई. धंदा चांगला बसल्यावर हॉजसनमंडळींनी उधारी बंद केली, भाव चढवले आणि माल स्वतःच पाठवायला सुरुवात केली. कंपनी चिडली. कंपनीचा एक डायरेक्टर मार्जोरीबँक्स ह्याने १८२२ च्या सुमाराला बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला गाठलं आणि ‘अशी बिअर तुम्हाला जमेल का?’ म्हणून विचारलं. बर्टनवाल्यांचा रशियाकडचा व्यापार नुकताच बुडाला होता. ते तयारच होते. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला, असं सांगतात. गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात ही फिकट, कडवट बिअर लंडनपेक्षा सरस उतरली. ऑलसॉपच्या मागोमाग बास कंपनी ह्या व्यापारात शिरली आणि पुढे गेली.

विल्यम बास हा मूळचा मालाच्या गाड्या हाकणारा. त्याने १७७७ साली ब्रुअरी काढली. शंभर वर्षांनी ती जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी होती, वर्षाला सुमारे दहा लाख पिंपं! लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन १८६८ साली उघडलं, त्याच्या फलाटांखालचे खांब किती अंतरावर रोवायचे ते बर्टनच्या बिअरच्या पिंपांच्या मापाने ठरवलं होतं, कारण खालची जागा पिंपं ठेवायला द्यायची होती. मी ते खांब मुद्दाम पाहिले. हल्ली त्यांच्यामधून पॅरिसच्या गाडीचे उतारू बॅगा ओढत जातात.

आणि तो लाल त्रिकोण. एवढी मोठी बिअर म्हटल्यावर नकला आल्याच. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हं नोंदवण्याचा कायदा १८७५ साली झाला आणि कचेरी उघडायची होती १ जानेवारी १८७६ रोजी. बासचा एक नोकर आदली रात्र, म्हणजे थर्टी फर्स्टची रात्र, कचेरीच्या पायरीवर बसून होता म्हणे. हकीकत खरी असो नसो, ब्रिटनचं पहिल्या नंबरचं व्यापारचिन्ह बासच्या पेल एलचा लाल त्रिकोण हेच आहे. सगळं लंडन पार्ट्या झोडत असताना बिअर कंपनीचा कारकून थंडीत, कोरडा, रांगेत पहिला नंबर धरून बसलेला! कारकुनांच्या इतिहासात एवढी उज्ज्वल रात्र दुसरी नसेल. पुढे १८८२ साली माने ह्या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या एका नाटकगृहातला बार रंगवला, तर तिथल्या बाटल्यांतही लाल त्रिकोण दिसतो. ते चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. तिथे लोक बारमागच्या उदास मुलीकडे पाहत होते, मी बाटलीकडे.

बर्टनच्या जुन्या बास ब्रुअरीत तेव्हा संग्रहालय होतं. १९७७ साली सुरू झालेलं हे संग्रहालय २००८ मध्ये बंद पडलं, २०१० मध्ये परत उघडलं आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तिथून उठलंच. मी वेळेवर पोचलो. काउंटरवरच्या बाईंना मी बासची बाटली मागितली. त्या हसल्या. त्यांनी जे समजावलं ते ऐकून मी खुर्ची मागितली. बास कंपनीने २००० साली ब्रुअरीचा धंदा विकला. पुढे बर्टनचा कारखाना एका परदेशी कंपनीकडे गेला आणि ‘बास’ हे नाव व त्रिकोण दुसऱ्या परदेशी कंपनीकडे राहिला. त्या वेळी बर्टनमधली पिंपातली बास गावातलीच तिसरी ब्रुअरी कंत्राटावर करत होती. म्हणजे जिने लेबल जन्माला घातलं ती ब्रुअरी एका घरी, लेबल दुसऱ्या घरी, आणि बिअर करणारा तिसऱ्याच घरचा!

मेहुण्याने मला एका जुन्या पबात नेलं. तिथे बास होती, पण पिंपातली. पेल्याला लेबल कुठून असणार? मी ती प्यायलो. सवयीप्रमाणे दीड तास लागला. कडवट, किंचित गोडसर, आणि कोमट म्हणावी इतपत कमी गार. काकांना आवडली असती की नाही, मला सांगता येत नाही. गावातल्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात एका पुठ्ठ्यावर जुनं बासचं लंबगोल लेबल मिळालं, लाल त्रिकोणाचं. दोन पौंड.

रात्री मी काकांचा तो कोरा लंबगोल कागद पुढ्यात घेऊन बसलो. लेबल एका बाटलीचं, बिअर दुसऱ्या पिंपाची, पिणारा मी, नाव त्यांचं. एकही बाब जुळत नव्हती. असं व्हाउचर कुणी माझ्या टेबलावर आणलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. बऱ्याच विचाराने मी तारखेच्या जागी तारीख घातली, ‘स्वतः’ ह्या शब्दाखाली बारीक अक्षरात ‘करिता, पुतण्या’ असं लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं केली.

परत आल्यावर डबा घेऊन आत्याकडे गेलो. ती आता सहासष्ट वर्षांची झाली होती. डबा पाहताच तिचा चेहरा उतरला. मी झाकण उघडलं, लेबलं एकेक करून उलटी मांडली आणि म्हटलं, “वाच.” तिने चष्मा लावला. मोंबासाचा दुसरा इंजिनिअर वाचला, केबिन नंबर बारा वाचला, हवालदार आणि मंडळी वाचली. दोनशे तेरा नोंदी वाचायला तिला तासभर लागला. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला.

“दादाने एकदा तरी डबा उलटा करून दाखवायचा होता रे,” ती म्हणाली.

“तूच केलास की उलटा,” मी म्हणालो, “फक्त लेबलं सुलटी पडली.”

ती हसली, मग डोळे पुसत आत गेली आणि चहा घेऊन आली. बशीत बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला.

“तुझ्यासमोर फोडते,” ती म्हणाली. “बिस्किटं डब्यात भरायची मी बासष्ट सालापासून सोडून दिली आहेत.”